मांजराला कच्चं चिकन, कच्चे मासे घालताय? आधी हे वाचा, मग तुमचे अनुभवही लिहा

रानजाई

नमस्कार मंडळी.

मांजर पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर अलीकडे एक गोष्ट सारखी दिसतेय. कोणीतरी ताटलीतल्या कच्च्या चिकनचा फोटो टाकतं, खाली लिहितं "एकदम नैसर्गिक आहार", आणि लगेच विचारणा सुरू होते: कुठून आणता, किती घालता, पिल्लाला चालेल का. कोणी शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं, "वाघ काय कुकर लावतो का?"

मी पुण्यात राहते. घरात मांजरं आहेत, शिवाय सोसायटीतल्या भटक्या मांजरांची नसबंदी, लसीकरण, दवाखाना हे आम्ही काही जणी मिळून बघतो. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी वाघाचंच घेऊ. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. संशय गेला तो खाण्यात आलेल्या कोंबडीच्या मांसावर. थायलंडमध्ये हे त्याच्या वीस वर्षं आधी घडून गेलंय. २००४ साली श्रीराचा इथल्या व्याघ्र प्राणिसंग्रहालयात ४४१ वाघांपैकी १४७ वाघ या साथीत मेले किंवा त्यांना दयामरण द्यावं लागलं. तिथे त्यांना कच्च्या कोंबड्या घालत होते. वाघ शिजवून खात नाही हे खरंच आहे, पण रोगट कोंबडी वाघालाही पचलेली नाही.

घरातल्या मांजरांचंही तेच. २०२३ च्या जूनमध्ये पोलंडमध्ये एकमेकांपासून लांब असलेल्या शहरांतली मांजरं पटापट मरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या अहवालात ४७ प्राण्यांचे नमुने होते, त्यांतले २९ एच५एन१चे निघाले. त्यांतली काही मांजरं कधी घराबाहेर पडलेलीच नव्हती. पुढच्याच महिन्यात दक्षिण कोरियात, सोलमधल्या मांजरांच्या निवाऱ्यांत उद्रेक झाला आणि तिथे घातल्या जाणाऱ्या बदकाच्या कच्च्या खाद्यात विषाणू मिळाला. मांजरांत हा आजार फार वाईट वळण घेतो. ताप, मलूलपणा, धाप, मग झटके, तोल जाणं, काहींची नजर जाते. बरीचशी वाचत नाहीत.

आपल्याकडे हा रोग नवा नाही. भारतातला पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नवापुरात झाला होता. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले ते यानेच.

बर्ड फ्लू बाजूला ठेवला तरी साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय, लिस्टेरिया हे जंतू रोजचे पाहुणे आहेतच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आठ ब्रँडची गोठवलेल्या कच्च्या खाद्याची ३५ पाकिटं होती. १९ पाकिटांत लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स, आठांत ई. कोलाय ओ१५७, सातांत साल्मोनेला. आणि ही पाकिटं कारखान्यातून, शीतसाखळीतून आलेली होती. आपण मांजरासाठी काय आणतो? संध्याकाळी उरलेले पाय, मुंड्या, कातडी. ज्या ड्रममध्ये पिसं निघतात त्यात दिवसभरातल्या सगळ्या कोंबड्या फिरलेल्या असतात. ज्या ओंडक्यावर तुकडे होतात तो ओंडका फार तर फडक्याने पुसला जातो. मग काळ्या पिशवीत घालून ते मांस उन्हातून घरी येतं आणि जमिनीवरच्या ताटलीत पडतं. त्याच जमिनीवर घरातलं बाळ रांगत असतं.

मांजराला लगेच काही झालं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. पुष्कळ मांजरं स्वतः आजारी न पडता साल्मोनेला विष्ठेतून बाहेर टाकत राहतात. मग तीच जीभ अंगावरून फिरते आणि तेच अंग आपण कुशीत घेतो.

तुमच्याकडे काय घालतात? मतभेद असतील तर तेही लिहा.

कोकणकडा

महत्त्वाचा विषय काढलात, रानजाई. चिकनचं शहरात, आमच्याकडे मासे. कोळीण दारात आली की तिच्या पाटीमागे अख्ख्या वाडीतली मांजरं. ती मासा साफ करताना डोकी, कल्ले, आतडी बाजूला टाकते आणि त्यावरच ही मोठी होतात. त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

पण शेजारच्या काकूंनी एक बोका घरात पाळला होता आणि त्याला रोज कच्ची तारली आणि पेडवेच. दुसरं काही तो तोंडाला लावायचा नाही. पावसाळ्यानंतर त्याची मान एकाएकी खाली वळली. हनुवटी छातीला टेकलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, चालताना मागचे पाय फाकायचे. काकूंना वाटलं पडला कुठून तरी. तालुक्याच्या डॉक्टरांनी खाणं काय विचारलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. बोका उठला. नेमकं काय झालं होतं ते मला अजून नीट उमगलेलं नाही, इथे कोणी जाणकार असतील तर सांगा.

पशुवैद्य_सातारा

कोकणकडा, तुम्ही जे वर्णन केलंत ते थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं आहे. हनुवटी छातीला टेकणं ही त्याची ओळखीची खूण. पुष्कळ कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते हे जीवनसत्त्व मोडून टाकतं. तारली-पेडव्यांच्या कुळात, मांदेलीच्या कुळात आणि गोड्या पाण्यातल्या कार्प कुळात ते असलेले मासे बरेच आहेत. मांजराला थायमिन कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं आणि शरीरात त्याचा साठा थोडाच असतो, त्यामुळे रोज तेच खाणं असेल तर काही आठवड्यांत लक्षणं दिसू लागतात. वेळेवर ब-१ टोचलं तर मांजर फार लवकर सुधारतं. उशीर झाला तर झटके येऊन मरतं. मासा शिजवला की हे विकर निकामी होतं. इतकं सोपं आहे.

वाडीतली मोकळी मांजरं तगतात कारण ती उंदीर, सरडे, घरातला दूधभात असं बारा ठिकाणी खातात. घरात कोंडलेल्या बोक्याला एकच मासा मिळतो.

अजून एक. तेलकट मासेच सतत घातले आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं की कातडीखालची चरबी सुजते, पिवळी-कडक होते. असं मांजर पाठीवरून हात फिरवला तरी ओरडतं. मालकाला वाटतं चिडकं झालंय. हे मात्र मासा शिजवून टळत नाही, मासा कमी करावा लागतो.

निसर्गमार्गी

माफ करा, पण मला हा धागा एकांगी वाटतोय. मी माझ्या दोन्ही मांजरांना बराच काळ कच्चं घालतोय. केस चकचकीत, शी कमी आणि वास कमी, दोघंही चपळ. उलट कोरडी खडी, म्हणजे दाणेदार तयार खाद्य, खाणाऱ्या मांजरांना मूतखडे, लघवी तुंबणं, लठ्ठपणा, मधुमेह हे सगळं मी आजूबाजूला बघतो. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे, त्याला मका आणि तांदूळ कशाला? त्याच्या पोटातलं आम्ल जहाल असतं, आतडं आखूड असतं, जंतूंना वेळच मिळत नाही.

आणि पॉटेंजर या अमेरिकी डॉक्टरांचा प्रयोग वाचलाय का? कॅलिफोर्नियात १९३२ ते १९४२ अशी दहा वर्षं त्यांनी शेकडो मांजरं ठेवली होती. कच्चं मांस खाणारी पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट राहिली, शिजवलेलं खाणारी तिसऱ्या पिढीपर्यंत खंगत गेली. त्याचं काय?

रानजाई

निसर्गमार्गी, सविस्तर लिहिलंत ते बरं झालं. तुमच्या काही मुद्द्यांशी मी सहमत आहे, म्हणून एकेक घेते.

पाण्याचा मुद्दा अगदी बरोबर. मांजर मुळात वाळवंटी पूर्वजांचा वंशज, तहान कमी. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कोरड्या खडीत दहाच्या आसपास. बोक्यांची लघवी तुंबते तेव्हा जीव जाऊ शकतो, हे मी स्वतः बघितलंय. पण त्यावर उत्तर ओलं अन्न हे आहे. ते कच्चंच असायला पाहिजे असं नाही. डबाबंद ओलं खाद्य, किंवा शिजवलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट, यानेही पोटात पाणी जातंच. केसांची चकाकी बहुतेक चरबीमुळे येते, ती शिजवलेल्या मांसातही असते.

उंदीर आणि कोंबडीचा तुकडा यांत मोठा फरक आहे. मांजर उंदीर पकडतं तेव्हा अख्खा खातं. हाडं, काळीज, हृदय, आतडी, रक्त, सगळं. आणि तो मिनिटभरापूर्वी जिवंत असतो. कापून चार-सहा तास टांगलेल्या मांसावर जंतू किती वाढलेले असतील याचा विचार करा. आणि रानातलं मांजर कच्चं खाऊन निरोगी असतं हाही समजच आहे. पोटात जंत, अंगात टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आणि आयुष्य घरातल्या मांजरापेक्षा पुष्कळ कमी.

आता पॉटेंजर. प्रयोग झाला हे खरं. पण तेव्हा मांजराला टॉरीन लागतं हेच कोणाला माहीत नव्हतं. हे अमिनो आम्ल माणूस स्वतःच्या शरीरात बनवतो, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली दाखवलं गेलं. हृदयाचा स्नायू फुगून सैल पडतो, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, आणि टॉरीन दिल्यावर ती हृदयं सुधारलीही. उकळताना टॉरीन पाण्यात उतरतं. पाणी फेकलं की गेलं. पॉटेंजर यांच्या मांजरांचं खंगणं बरंचसं यातून समजावता येतं. १९८७ नंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरीन वाढवलं आणि मांजरांतला तो हृदयविकार एकदम कमी झाला. ती मांजरं शिजवलेलंच खात होती.

"माझ्या मांजराला काही झालं नाही" याला मी खोटं म्हणणार नाही. पण हेल्मेट न घालता इतकी वर्षं गाडी चालवली, असंही लोक सांगतातच.

ओरेगॉनकर

मी गेली काही वर्षं पोर्टलँडला राहतोय, त्यामुळे इथली माहिती देतो. २४ डिसेंबर २०२४ ला ओरेगॉनच्या कृषी खात्याने जाहीर केलं की आमच्या शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीतलं एक मांजर एच५एन१ने मेलं. ते पूर्णपणे घरात राहणारं होतं. त्याला टर्कीचं गोठवलेलं कच्चं खाद्य घालत होते. त्या खाद्यातला विषाणू आणि मांजरातला विषाणू, दोन्हींची जनुकीय रचना तंतोतंत जुळली. माल बाजारातून परत घेतला गेला. ते काही स्वस्तातलं खाद्य नव्हतं. चांगल्या दुकानांत, मांजराचा फोटो असलेल्या सुंदर पाकिटात मिळायचं.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसकडे कच्चं दूध प्यायलेली मांजरं दगावली. त्याआधी २०२४ च्या मार्चमध्ये टेक्ससच्या गोठ्यात आजारी गाईंचं कच्चं दूध प्यायलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त मेली होती. शेवटी १७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कच्चं कोंबडी-गोमांस वापरणाऱ्या पाळीव खाद्याच्या कंपन्यांना त्यांच्या सुरक्षा योजनेत एच५एन१चा धोका धरायला सांगितलं.

माझी मांजर तेव्हा फ्रीझ-ड्राय केलेले चिकनचे तुकडे खाऊ म्हणून खायची. पाकिटावर कुठेही मोठ्या अक्षरात "कच्चं" असं लिहिलेलं नव्हतं. फ्रीझ-ड्राय म्हणजे फक्त पाणी काढलेलं, शिजवलेलं नव्हे. भारतातही आता ऑनलाइन हे तुकडे मिळतात. घेताना बघा.

नागपूरकर_मी

गोरेवाड्याचं वाचून त्या वेळचे दिवस आठवले. ते वाघ चंद्रपूरकडून आणलेले होते, माणसांशी संघर्ष झाला म्हणून. मेल्यावर इथे फार हळहळ झाली.

पण त्यानंतर जे झालं ते जास्त जवळचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांत एच५एन१ सापडला. भारतातल्या पाळीव मांजरांतली ही पहिलीच नोंद. तिथला चिकन-मटणाचा बाजार काही आठवडे बंद ठेवला होता. नागपुरातून छिंदवाडा किती लांब? सकाळी निघालं की जेवायला तिथे. त्यामुळे पोलंड-अमेरिका सोडा, हे आपल्या दारात आलेलं आहे.

घरच्या मांजराला तेव्हापासून कच्चा तुकडा नाही. माणसांना मात्र चिकन चालू आहे, नीट शिजवून. सरकारी सूचनाही तीच होती.

चाफेकळी

मला एक विचारायचंय आणि जरा घाई आहे. मला तिसरा महिना लागलाय. घरात मांजर आहे, लग्नाच्या आधीपासूनचं, ते माझ्याबरोबरच सासरी आलंय. मिस्टर कधीकधी चिकन आणल्यावर साफ करताना त्याला कच्चे तुकडे टाकतात. आता सासूबाई म्हणतात मांजर कोणाला तरी देऊन टाक, बाळाला धोका असतो. मी रडकुंडीला आलेय. खरंच द्यावं लागेल का?

पशुवैद्य_सातारा

चाफेकळीताई, आधी मन शांत ठेवा. मांजर द्यायची गरज नाही. सासूबाईंची काळजी मात्र निराधार नाही, तीही समजून घ्या.

त्या ज्याबद्दल म्हणतात तो टोक्सोप्लाझ्मा. हा सूक्ष्म परजीवी माणसात, बोकडात, कोंबडीत, उंदरात कुठेही राहू शकतो, पण त्याचं पुढचं चक्र फक्त मार्जारकुळाच्या आतड्यात पूर्ण होतं. १९७०च्या सुमारास हे उलगडलं, आणि ते उलगडणाऱ्यांमध्ये जितेंदर दुबे हे भारतात शिकलेले पशुवैद्य होते. मांजराला हा संसर्ग होतो तो उंदीर-पक्षी खाऊन किंवा कच्चं मांस खाऊन. पहिल्यांदा झाला की साधारण एक ते तीन आठवडे ते विष्ठेतून त्याची अंडपुटं टाकतं, नंतर बहुतेक वेळा टाकत नाही. आणि बाहेर पडलेली अंडपुटं लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात.

म्हणून करायचं एवढंच. मिस्टरांना आजपासून कच्चा तुकडा बंद करायला सांगा. लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, रोजच्या रोज साफ व्हायला हवं आणि ते त्यांनीच करायचं, तुम्ही नाही. मांजर घरातच ठेवा. कुंडीतली माती उकरताना हातमोजे घाला, कारण बाहेरचं मांजर तिथे बसून गेलेलं असू शकतं. आणि स्वतःसाठी: मांस पूर्ण शिजलेलं, भाज्या नीट धुतलेल्या. माणसांना हा संसर्ग घरच्या मांजराला कुरवाळून होण्यापेक्षा अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतून होण्याचीच शक्यता जास्त असते.

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे आवर्जून सांगा. त्या रक्ततपासणी करायची का ते ठरवतील. रक्तातली जुनी आयजीजी (प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आली म्हणजे घाबरायचं नसतं, तो बहुधा पूर्वी होऊन गेलेला संसर्ग असतो. पण अहवालाचा अर्थ त्यांनाच लावू द्या.

आजीबाईंचा_बटवा

चाफेकळी, माझ्या दोन्ही मुली मांजरांच्या घरातच जन्मल्या. डॉक्टर म्हणतात तसं कर. सासूबाईंना हाच प्रतिसाद वाचून दाखव, आणि त्यांना सांग की लिटर तू उचलणार नाहीस. त्यांना खरी भीती त्याचीच असेल. स्वतःची काळजी घे गं.

चाफेकळी

खूप खूप धन्यवाद डॉक्टर, आजी. मिस्टरांना दाखवलं, लिटरचं काम त्यांनी घेतलंय. सासूबाई अजून पूर्ण तयार नाहीत, पण "बघू" म्हणाल्यात. सोमवारी डॉक्टरकडे जाणारच आहे, तेव्हा विचारते.

डोंबिवली_फास्ट_लोकल

कच्चं चिकन आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून मग घातलं तर? आमच्या ग्रुपवर एकजण ठामपणे सांगतात की गोठवलं की सगळं मरतं.

पशुवैद्य_सातारा

सगळं मरत नाही. उणे अठरापर्यंत नीट गोठवून काही दिवस ठेवलं तर टोक्सोप्लाझ्माच्या मांसातल्या गाठी बहुतेक मरतात, हे बरोबर. साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय मरत नाहीत, नुसते वाढायचे थांबतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. एच५एन१ तर गोठवून टिकतो, ओरेगॉनचं पाकीट गोठवलेलंच होतं. त्यात आपल्याकडे लाईट जाते, फ्रीझर अर्धवट वितळतो, परत गोठतो. मग ते मांस सकाळपासून ओट्यावर ठेवतात. आतून कडक, वरून कोमट.

हे सगळं एकत्र मारते ती उष्णताच. आतपर्यंत चौऱ्याहत्तर अंश सेल्सिअस पोचलं की काम झालं, आणि आपल्या कुकरच्या शिट्टीत त्याहून कितीतरी जास्त पोचतं.

जाता जाता एक गोष्ट, जी फारशी कोणाला माहीत नसते. ब्रिटनमध्ये २०१८-१९ च्या आसपास घराबाहेर न जाणाऱ्या मांजरांना क्षयरोग झाल्याचं आढळलं. माग काढल्यावर हरणाच्या मांसाचं एक तयार कच्चं खाद्य हा त्यांच्यातला समान धागा निघाला. गुरांचा क्षय, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. आपल्या देशातल्या गुरांतही हा रोग आहे. म्हणून निरसं दूध मांजराला घालू नका. तापवलेलंही थोडंच घाला, मोठ्या मांजरांना ते बऱ्याचदा पचत नाही.

कोकणकडा

डॉक्टर, थायमिनचं समजलं, आभारी आहे. काकूंनाही सांगितलं. आता त्या मासा वाफवून घालतात. बोका आधी दोन दिवस रुसला होता.

सुगरण_माऊ

कच्चं बंद केलं तर घालायचं काय, हे कोणीतरी स्पष्ट लिहा ना. तयार खाद्य महाग पडतं. मी चिकनची कलेजी आणते, स्वस्त आहे आणि आमची चिंगी जीव टाकते.

रानजाई

सुगरण_माऊ, कलेजीचं आधी सांगते. ती शिजवूनसुद्धा रोज नको. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते अंगात साठत जातं. महिनोन्‌महिने कलेजीच खाल्ली की मानेच्या मणक्यांवर हाड वाढून ते एकमेकांना चिकटतात. मग मांजराला मान वळवता येत नाही, स्वतःचं अंग चाटता येत नाही, केसांच्या गाठी होतात. शिवाय कलेजीची चटक लागली की दुसरं खात नाहीत. आठवड्यातून एकदा, बोटाच्या पेराएवढी, बस.

मी घरी करते ते असं. बिनहाडाचं मांडीचं मांस घ्यायचं. छातीपेक्षा मांडीच्या गडद मांसात टॉरीन जास्त असतं. जमलं तर त्यात कोंबडीची चार-दोन हृदयंही टाकायची, चिकनवाला मागितल्यावर देतो. नळाखाली धरून धुवायचं नाही. शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर जातात आणि जंतू मात्र मांसावर राहतातच. तसंच छोट्या डब्यात घालून, बुडेल इतपत पाणी घालून कुकरला दोन शिट्ट्या. मीठ नाही, हळद-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन घालणंही म्हणूनच बंद. गार झाल्यावर बोटांनी तंतू मोकळे करायचे आणि ते पाणी त्यातच ठेवायचं. टॉरीन त्या पाण्यात उतरलेलं असतं आणि मांजराच्या पोटात पाणीही जातं. थंडीत ते पाणी जेलीसारखं थिजतं. माझी मांजरं तेच आधी चाटून घेतात. शिजलेली हाडं कधीच नाही, ती टोकदार फुटतात.

पण हे लक्षात ठेवा की नुसतं उकडलेलं चिकन हा पूर्ण आहार नाही, आणि नुसतं कच्चं चिकनही नव्हतं. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला फक्त तेच घातलं तर शरीर त्याच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला, अशी पिल्लं आम्ही दवाखान्यात नेलीत. क्ष-किरणाच्या फिल्मवर ती हाडं मांसाइतकीच फिकट दिसतात. मालक जीव लावून रोज ताजं चिकन घालत होते.

म्हणून पिल्लांना तयार पिल्लांचं खाद्यच मुख्य ठेवा. मोठ्यांनाही निम्म्याहून बरंच जास्त तयार "संपूर्ण आहार" लिहिलेलं खाद्य, आणि वरून चिकन. सगळं घरीच करायचं असेल तर पशुवैद्याकडून कॅल्शियम, टॉरीन आणि बाकी पूरकांचं प्रमाण लिहून घ्या, अंदाजाने नको.

डोंबिवली_फास्ट_लोकल

समजलं. त्या ग्रुपवर डॉक्टरांचा फ्रीझरवाला प्रतिसाद चिकटवतोय, चालेल ना?

पशुवैद्य_सातारा

जरूर. त्यासोबत हेही टाका: कच्चं खाऊन मांजर आजारी पडलंय असं वाटलं तर खाण्याचा प्रकार डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. लोक ओशाळून सांगत नाहीत आणि निदानाला उशीर होतो. ताप आणि झटके असतील तर मांजर हाताळताना मास्क, हातमोजे वापरा आणि दवाखान्यात आधी फोन करून जा. नेदरलँड्समध्येच असंही दिसलंय की कच्चं खाणाऱ्या घरगुती मांजरांच्या विष्ठेत औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जास्त आढळतात. घरात केमोथेरपी चालू असलेलं माणूस, तान्हं बाळ, खूप वृद्ध कोणी असेल तर हा विचार आणखी आधी करा.

निसर्गमार्गी

सगळे प्रतिसाद वाचले. कोरड्या खडीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही आणि ते मी मांडत राहीन. पण छिंदवाड्याचं मला खरंच माहीत नव्हतं, आणि आई आमच्याकडेच असते, तिची केमो आत्ताच संपलीय. चिकन शिजवून घालायला सुरुवात करतो. अडचण अशी की दोघंही शिजवलेल्याला तोंड लावत नाहीत. काल ठेवलेलं तसंच राहिलं. उपाशी ठेवलं की झक मारत खातील, असं एका मित्राचं म्हणणं आहे. तसं करू का?

पशुवैद्य_सातारा

अजिबात नाही. कुत्र्याला चालतं ते मांजराला चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, त्यातून मांजर लठ्ठ असेल, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि ते कावीळ होऊन मरू शकतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा.

तुम्ही आजच कच्चं थांबवा, पण चवीत बदल हळूहळू करा. आधी चिकन नुसतं गरम पाण्यात आतपर्यंत पांढरं होईल इतकंच शिजवा, मऊ आणि ओलसर राहील असं. मधोमध कापून बघा, गुलाबी राहता कामा नये. ताटलीत कोमट असतानाच ठेवा, फ्रीजमधलं गार ठेवलं तर वास येत नाही आणि मांजर वासावर खातं. वर त्यांच्या आवडीच्या ओल्या खाद्याचा चमचा, किंवा चिमूटभर सुकट भाजून, चुरून. सुकट खारवलेली नको. एकदा खाल्लं नाही तर अर्ध्या तासाने उचला, तासा-दोन तासांनी पुन्हा ताजं कोमट ठेवा.

आणि आईंना सध्या ताटल्या आणि लिटर यांना हात लावू देऊ नका. जुन्या प्लॅस्टिकच्या ताटल्या टाकून स्टीलच्या घ्या, ओरखड्यांत जंतू राहतात. त्या उकळत्या पाण्याने आणि वेगळ्या घासणीने धुवा. दोघांची वजनं आज करून ठेवा, आठवड्याने परत करा आणि इथे कळवा.